छोट्या गाडीचा इतिहास आणि चार खुंट्या

पहूरला आमची पाचोरा-जामनेर छोटी गाडी काही ठरावीक माणसांसाठी थांबत असे. म्हणजे स्टेशनात ती सगळ्यांसाठीच थांबे. पण सुटायची वेळ होऊन गेल्यावरही न सुटता थांबणं, हा मान वेगळा. तो डॉक्टरांना होता, सरपंचांना होता, खव्याच्या पाट्या घेऊन जाणाऱ्या भिकुबाईला होता, आणि मला होता. इंजिन एकदा शिट्टी मारी. गार्ड झुलालभाऊ डब्यातून उतरून बाजारपेठेच्या रस्त्याकडे बघत. मी वळणावर दिसलो की हातातली हिरवी झेंडी काखेत मारून ते निवांत उभे राहत, आणि डब्यातली मंडळी "सर येऊ राह्यले" असं एकमेकांना सांगून पुन्हा पाय पसरून बसत.

हा मान मी कसा मिळवला, ते सांगता येणार नाही. डॉक्टरांनी लोकांचे जीव वाचवले होते. भिकुबाईचा खवा पोचला नसता तर जामनेरच्या हलवायांचं अडलं असतं. मी फक्त वर्षानुवर्षं नेमाने उशिरा आलो. एकदा घरातलं घड्याळ पुढे गेल्यामुळे वेळेआधी पोचलो, तर झुलालभाऊंनी "तब्येत बरी शे ना सर?" म्हणून काळजीने विचारलं. ते धुळे जिल्ह्यातले, शिंदखेड्याकडचे. अर्धी नोकरी आमच्याकडे काढूनही त्यांनी आपली अहिराणी सोडली नव्हती.

मी जामनेरच्या शाळेत इतिहास शिकवतो. पहूरहून जामनेरला एसटीही जाते आणि बरीच आधी पोचते. पण एसटीचा कंडक्टर कुणाची वाट बघत नाही. घरी बायको वाट बघते ती भाजी आणायला सांगितलेली असते म्हणून, आणि शाळेत हेडमास्तर वाट बघतात ती उशीरपत्रकावर सही घ्यायला. आपल्यासाठी आख्खी गाडी खोळंबून राहावी, आणि तीही कुरकुर न करता, हे माझ्या आयुष्यातलं एकमेव वैभव होतं. मला त्याचा फार अभिमान होता, हे इथे स्पष्टच सांगतो. कारण तो मान मी कसा घालवला, त्याचीच ही हकीकत आहे.

अठ्ठ्याऐंशी साली आमच्या शाळेचा सुवर्णमहोत्सव आला. स्मरणिका काढायचं ठरलं आणि हेडमास्तरांनी प्रत्येक शिक्षकाकडे दोन पानांचा लेख मागितला. हिंदीच्या सरांनी हेडमास्तरांवर कविता केली. गणिताच्या सरांनी 'गणित किती सोपे' हा दरवर्षीचा लेख पुन्हा काढला. मी शिक्षकांच्या खोलीत जाहीर केलं की मी आपल्या छोट्या गाडीचा इतिहास लिहिणार. त्यावर विज्ञानाचे सर डब्यातल्या भाकरीवरून मान वर न काढता म्हणाले, "त्या गाडीला इतिहास कुठला? उशीर आहे नुसता."

हे वाक्य मला लागलं. मी घरी येऊन कुंदाला म्हणजे आमच्या सौभाग्यवतींना सांगितलं की हा लेख म्हणजे साधा लेख राहणार नाही, त्यासाठी संशोधन करावं लागेल, रविवार खर्ची पडतील.

"दोन पानंच आहेत ना?" कुंदा म्हणाली. "मग आत्ताच बसून लिहून टाका. रविवारी गाद्यांचा कापूस पिंजायला न्यायचाय."

संशोधकांच्या बायका जगभर असंच बोलत असणार, म्हणून मी ते मनावर घेतलं नाही.

पहिला प्रश्न साधा होता. गाडी सुरू कोणत्या साली झाली? रेल्वेच्या एका कचेरीत विचारायला गेलो, तर त्यांनी सांगितलं की वरच्या कचेरीकडे अर्ज करा. वरच्या कचेरीने सांगितलं की अर्ज खालून यायला पाहिजे. मी खालीच होतो आणि अर्ज मीच घेऊन आलो होतो, पण हे 'खाली' ते नव्हे असं कळलं. तेव्हा मी कागदाचा नाद सोडला आणि जिवंत माणसांकडे वळलो.

पहूरमधलं सगळ्यांत जुनं जिवंत माणूस म्हणजे हिलाल आबा. मारुतीच्या पाराशी त्यांची बाज कायम टाकलेली असे. त्यांनी पहिली गाडी डोळ्यांनी बघितली होती असं गाव सांगे. मी गूळ-शेंगदाण्यांची पुडी घेऊन गेलो आणि विचारलं.

"पाह्यली ना," आबा म्हणाले. "मी बापाच्या खांद्यावर व्हतो. इंजिन आलं तं बठ्ठ्या बाया पाया पडल्या. नारय फोडलं. कोनी त्याच्यासमोर कडब्याची पेंढी टाकली, कोनी पान्याची बादली ठेवली. माह्या मायनं त्याले कुंकू लावलं अन् तिचं बोट भाजलं."

माझ्या अंगावर काटा आला. भाजलेलं बोट! कोणत्याही कचेरीच्या कपाटात हे सापडलं नसतं. मी म्हणालो, "आबा, साल कोणतं असेल?"

"त्या सालीच आमची म्हैस मेली," आबा ठामपणे म्हणाले.

पुढच्या आठवड्यांत मी बऱ्याच म्हाताऱ्यांना भेटलो. कोणी गाडीची सुरुवात तापाच्या साथीत सांगितली, कोणी थोरल्या बहिणीच्या लग्नाच्या वर्षी. शेंदुर्णीच्या एका म्हातारबांनी तर सांगितलं की गाडी आधीपासून होतीच, गावंच मागून झाली.

हे सगळं मी आमचे शेजारी वाल्मीक तायडे यांच्या कानावर घातलं. वाल्मीकभाऊ तालुक्याला जमीन मोजणीच्या खात्यात नोकरीला. सज्जन, टापटिपीचा माणूस. स्वतःच्या दारातली रांगोळीसुद्धा काटकोनात आहे की नाही ते बघणारा. रविवारी सकाळी बुद्धविहारातून परत आला की आमच्या ओट्यावर चहा घेई आणि मला सल्ला देई.

"साल सापडत नाही तर सोडा सर," तो म्हणाला. "पण मोजमाप तरी पक्कं घाला. रुळांची रुंदी किती? कोणी दोन फूट म्हणतं, कोणी तीन. ऐकीव नको. टेप माझ्याकडे आहे."

इथे मी नाही म्हणायला हवं होतं. पण विज्ञानाच्या सरांचं ते वाक्य अजून डोक्यात होतं. लेखात एक तरी आकडा असा पाहिजे होता, की त्यापुढे त्यांना मान वर करावी लागेल.

त्याच रविवारी आम्ही निघालो. वाल्मीकभाऊने खांद्याला पिशवी लावली होती. मी उन्हासाठी पांढरी हॅट घातली होती. ती सहलीच्या वेळी शाळेने घेतलेली होती आणि मला ती शोभते असं माझं मत आहे. गावाबाहेर जिथे लाइन पुना नानांच्या कपाशीला लागून जाते, तिथे आम्ही थांबलो. रूळ मोजले. अडीच फूट भरले. काम तिथेच संपलं होतं.

पण मला वाचकांसाठी तुलना हवी होती. मी म्हणालो, "वाल्मीकभाऊ, हीच मोठी लाइन असती, पाचोऱ्याच्या मेन लाइनसारखी, तर किती रुंद झाली असती हो?"

झालं. त्या माणसाला असं अर्धवट विचारायचं नसतं. त्याने पिशवीतून लाकडाच्या चार खुंट्या काढल्या.

"नुसते रूळ धरून चालत नाही सर," तो म्हणाला. "भराव धरा. भरावाचा उतार धरा. मग पाण्याची नाली धरा." एकेक गोष्ट धरत धरत तो मागे सरकत गेला, तारेच्या कुंपणातून वाकून पलीकडे गेला, आणि चारही खुंट्या त्याने पुना नानांच्या कपाशीत ठोकल्या. सवयीने त्यांच्या डोक्यांना चुना लावला. "नाहीतर लांबून दिसत नाहीत," तो म्हणाला.

मी हॅट सारखी करून, कमरेवर हात ठेवून ती काल्पनिक मोठी लाइन बघत असतानाच पुना नाना आले.

"काय मोजू राह्यले सर?"

"काही नाही नाना. मोठी गाडी असती तर कुठपर्यंत आली असती, ते बघतोय. तुमच्या कपाशीत चांगलीच आत येते."

नानांनी खुंट्या बघितल्या, चुना बघितला, मग वाल्मीकभाऊकडे बघितलं. "भाऊ, तुम्ही बी?"

"मी आज सुट्टीवर आहे नाना," वाल्मीकभाऊ म्हणाला. "खाजगीत आलोय."

मोजणीखात्याचा माणूस सरकारी कामाने आला तर आमच्याकडे कोणी घाबरत नाही. ते काम कधी होत नाही हे सगळ्यांना माहीत असतं. तो खाजगीत आला की प्रकरण गंभीर. नानांनी आम्हाला बांधावर बसवलं आणि चहा पाजला. नाना कुणाला चहा पाजत नाहीत. हे तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं, पण मी नानांना इतिहासाची गोडी लागली असं समजून त्यांना आबांच्या आईचं भाजलेलं बोट सांगत बसलो.

तेवढ्यात जामनेरकडून गाडी आली. झुलालभाऊंनी आम्हाला लांबूनच ओळखलं आणि शेतातच गाडी उभी केली. उन्हाचं चालत जाण्यापेक्षा बरं म्हणून आम्ही घाईघाईने टेप गुंडाळली आणि डब्यात चढलो. खुंट्या तिथेच राहिल्या.

त्यानंतरचे काही दिवस फार सुंदर गेले. गाडीच्या खिडकीतून मला रोज नवल दिसत होतं. लाइनच्या दोन्ही बाजूंच्या कपाशीत खड्डे खणले जात होते, खड्ड्यांत लिंबाची, मोसंबीची, पेरूची रोपं लागत होती. जामनेरच्या रोपवाटिकेत रोपं संपली तेव्हा लोकांनी दुसऱ्या तालुक्यांतून आणली. पुना नानांनी तर कडेला विहीर खणायला घेतली. मी वर्गात मुलांना सांगितलं की आपल्या भागात फळबागांची लाट आली आहे आणि ही लाट तुम्ही डोळे उघडे ठेवून बघा. स्वतः मी ते कसे ठेवले होते, हे पुढे येईलच.

माझ्या संशोधनालाही भलताच बहर आला. आधी जे म्हातारे दोन वाक्यांत कटवत, ते आता निरोप पाठवून बोलावू लागले. जाईन तिथे शेवभाजी, कळण्याची भाकरी, वांग्याचं भरीत. जेवण झाल्यावर यजमान हळूच जवळ सरकून विचारी, "मंग सर, कोन्या बाजूनं जाऊ राह्यलं?"

"काय?"

"हे तुमचं इतिहासाचं काम. लाइनच्या डाव्या अंगानं का उजव्या?"

मला वाटलं, हा विचारसरणीचा प्रश्न आहे. लोक आता फार जागरूक झालेत. मी गंभीरपणे म्हणालो, "इतिहास कुठल्याच बाजूचा नसतो. तो निःपक्षपाती असतो."

"म्हंजी दोन्हीकडून जाईन," यजमान खिन्नपणे म्हणे आणि मला आणखी भरीत वाढी.

हिलाल आबांनी तर मला पुन्हा बोलावून घेतलं आणि साक्ष सुधारून दिली. आता पहिल्या गाडीच्या वेळी ते चांगले मिसरूड फुटलेले होते, आणि त्यांचं शेत लाइनमध्ये गेलं होतं, ज्याचं काहीही मिळालं नव्हतं.

"पण आबा, तुम्ही तर बापाच्या खांद्यावर होतात."

"मी खांद्यावर व्हतो," आबा म्हणाले. "शेत खालीच व्हतं ना. लिहा तुम्ही."

मी लिहिलं. संशोधकाने सगळ्या बाजू लिहायच्या असतात.

घरात वांगी यायला लागली. मग पपया आल्या. एके दिवशी तुरीच्या शेंगांचं पोतं आलं. कुंदा नळावरून पाणी घेऊन आली ती घागर खाली न ठेवताच म्हणाली, "अहो, तुम्ही रेल्वेत नोकरीला लागलात का?"

"म्हणजे?"

"नळावर बायका विचारत होत्या, की सरांनी आमचं घर वाचवलं का गेलं. मोठी लाइन येणार आहे म्हणे. मोजणी तुम्ही केली म्हणे. खुंट्या ठोकल्या म्हणे. लोकांनी झाडं लावली ती काय तुमच्या लेखासाठी लावली? जमीन गेली तर झाडांची भरपाई वेगळी मिळते, विहिरीची वेगळी. तेवढं तर मलाही कळतं." मग तिने घागर ठेवली. "आणि ही वांगी परत करून या."

मी खाली बसलो. खाल्लेलं सगळं भरीत एकदम आठवलं. पण तरी मला वाटलं, गैरसमज आहे, दोन दिवसांत सांगून टाकू. खरा घाव दुसऱ्या दिवशी सकाळी बसला.

नेहमीप्रमाणे उशिरा निघालो. वळणावर आलो तेव्हा शिट्टी झाली. झुलालभाऊ फलाटावर होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, नीट बघितलं, आणि हिरवी झेंडी काखेत न मारता वर केली. गाडी सुटली. डब्यातली सगळी मंडळी खिडक्यांतून माझ्याकडे बघत होती आणि कोणी "सर येऊ राह्यले" म्हणालं नाही. मी थोडा पळलो. छोट्या गाडीमागे पळून ती पकडता येते, शाळेची पोरं रोज पकडतात, पण हातात डबा आणि छत्री असलेला इतिहासाचा शिक्षक ती पकडू शकत नाही. भिकुबाई खव्याच्या पाटीमागून माझ्याकडे दयेने बघत गेली. मला फार वाईट वाटलं. लहान मुलासारखं वाईट वाटलं म्हटलं तरी चालेल.

दुसऱ्या दिवशी मी वेळेआधी जाऊन झुलालभाऊंना गाठलं.

"झुलालभाऊ, काय चुकलं माझं?"

"सर, आम्हना पोटवर कसाले पाय दी ऱ्हायनात?" ते म्हणाले. रागाने नाही, दुखावून म्हणाले. "मोठी गाडी वनी की हाई गाडी बंद. माले कोठे टाकतीन कोन जाणे. तुम्हनासाठे रोज गाडी थांबाडी आम्ही, आनि तुम्ही बठ्ठी गाडीच बंद कराले निंघनात."

"अहो, मी इतिहास लिहितोय फक्त."

"गाडी चालू शे," झुलालभाऊ म्हणाले, "आनि तुम्ही तिना इतिहास कसाले लिखी ऱ्हायनात?"

मी आयुष्यभर मेलेल्या लोकांचाच इतिहास शिकवला होता.

मग मी गावभर सांगत फिरलो की सर्व्हे नाही, लाइन नाही, काही नाही. त्याचा उलटाच परिणाम झाला. ज्यांची अजून खात्री नव्हती त्यांची झाली. इतका मोठा माणूस इतक्या कळकळीने नाही म्हणतो, म्हणजे त्याला वरून सक्त ताकीद असणार. त्या दिवशी संध्याकाळी उरलेल्यांनीही खड्डे खणले. गावात दोन तट पडले होते. व्यापारी मंडळींना मोठी गाडी हवी होती. लाइनवरच्या माणसांना, भिकुबाईसारख्यांना छोटी. दोघांनी ग्रामपंचायतीत ठराव आणले. एकात माझं अभिनंदन होतं आणि दुसऱ्यात निषेध. सरपंचांनी दोन्ही मंजूर केले.

"खुंट्या उपटून टाका," वाल्मीकभाऊने सल्ला दिला. "खुंटी नाही तर मोजणी नाही. आमच्या खात्यात असंच असतं."

"तुम्ही चला बरोबर."

"मी आलो तर ते सरकारी होईल," तो म्हणाला. गेल्या वेळी तो खाजगीत आल्यामुळे हे सगळं झालं होतं, याची मी त्याला आठवण दिली नाही.

भर दुपारी, शेतात कोणी नसेल अशा बेताने मी गेलो. या वेळी हॅट घातली नाही. नानांच्या कपाशीत बघतो तर काय, खुंट्यांभोवती बकऱ्यांपासून जपायला काट्यांचं कुंपण केलेलं, आणि प्रत्येक खुंटीला हळदकुंकू लागलेलं. पुना नानांच्या घरून कोणीतरी रोज पूजा करत होतं. क्षणभर मला त्या खुंट्यांना हात लावायचं धैर्य होईना. पण गाडी आठवली आणि धोतराचा काचा मारावा तसा मी पँटचा पायचा गुडघ्यापर्यंत चढवून काट्यांत शिरलो.

वाल्मीकभाऊ जे काम करतो ते पक्कं करतो. तीन खुंट्या कशाबशा निघाल्या. चौथी हलेना. मी दोन्ही हातांनी धरून, पाय रोवून, मागे झोकून दिलं. खुंटी निघाली, आणि मी तिच्यासकट मागच्या लिंबाच्या खड्ड्यात गेलो. नेमक्या त्याच वेळी गाडी आली. खड्ड्यातून उठून उभा राहिलो तेव्हा माझ्या दोन्ही हातांत ती खुंटी होती, अंगावर काटे आणि कुंकू होतं, आणि सबंध गाडी खिडक्यांतून माझ्याकडे बघत सावकाश पुढे जात होती. शेवटच्या डब्याच्या दारात झुलालभाऊ होते. ते गाडी लांब जाईपर्यंत बघत राहिले.

शिट्टी ऐकून पुना नाना धावत आले. "सर, खुट्या काहून उपटल्या? आता माह्या विहिरीचं काय?" असं म्हणून ते बांधावरच बसले. विहीर अर्धी खणून झाली होती.

मला पारावर नेण्यात आलं. मोठ्या गाडीवाल्यांचं म्हणणं, मी दारात आलेली गाडी परत पाठवली. झाडंवाल्यांचं म्हणणं, मी पैसे खाऊन लाइन दुसऱ्याच्या शेतातून वळवली. हिलाल आबा बाजेवरून म्हणाले की असंच त्या पहिल्या वेळीही झालं होतं. दोन-तीन दिवसांत, रेल्वेच्या हद्दीजवळ कोणी खुंट्या ठोकल्या ते बघायला एक पर्यवेक्षक आले. त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं की मोठ्या लाइनचा कसलाही सर्व्हे नाही. मला हायसं वाटलं. पण सरकारी माणूस, कायमचं बांधून घ्यायला नको म्हणून शेवटी त्यांनी पुस्ती जोडली, "निदान सध्या तरी." गावाने फक्त 'सध्या' ऐकलं.

विनापरवाना मोजमाप का केलं, याचा खुलासा त्यांनी माझ्याकडे मागितला. दुसऱ्या खात्याचं काम का केलं, याचा खुलासा हेडमास्तरांनी मागितला. ते खुलासे माझ्या लेखापेक्षा मोठे झाले, आणि माझ्या लिखाणातला सर्वांत जास्त लोकांनी वाचलेला मजकूर तोच.

लेख छापलाच गेला नाही. स्मरणिका हातात आली तेव्हा माझ्या दोन पानांच्या जागी जामनेरच्या रोपवाटिकेची दोन पानी जाहिरात होती. यंदा ग्राहकांनी जो अभूतपूर्व प्रतिसाद दिला त्याबद्दल त्यांनी आभार मानले होते. हेडमास्तर म्हणाले, "जागा कमी पडली सर. पुढच्या महोत्सवाला घेऊ." पुढचा महोत्सव हीरकमहोत्सव. विज्ञानाच्या सरांनी डब्यातून मान वर काढली आणि काही बोलले नाहीत; त्यापेक्षा बोलले असते तर बरं झालं असतं.

मी एसटीने जाऊ लागलो. रोज वेळेवर पोचत होतो. त्याचं कोणाला कौतुक नव्हतं, आणि ज्या फाट्यावर मी उभा राहत असे तिथून छोट्या गाडीची शिट्टी स्पष्ट ऐकू येई. एकदाच वाजायची. आता ती कोणासाठी थांबते, हे मी कुणाला विचारलं नाही.

वर्ष गेलं. मोठी गाडी आली नाही. पुना नानांनी विहीर अर्धी सोडायला जिवावर आलं म्हणून पुरी केली, आणि तिला पाणी लागलं. कपाशीच्या जागी त्यांनी यावलहून कंद आणून केळी लावल्या. पण गावाला एक कोडं राहिलंच होतं. मोजणी झाली होती, खुंट्या लागल्या होत्या, हे तर सगळ्यांनी बघितलेलं. मग मोठी गाडी आली का नाही? नव्हतीच येणार, हे उत्तर कोणालाच पटण्यासारखं नव्हतं.

एके सकाळी एसटी आलीच नाही. फाट्यावर ताटकळून शेवटी मी सवयीने स्टेशनचा रस्ता धरला. वळणाच्या आधीच शिट्टी ऐकू आली. गेली, असं म्हणून मी उगाच वळण ओलांडलं. गाडी उभी होती. झुलालभाऊ फलाटावर होते, आणि झेंडी त्यांच्या काखेत होती.

"या सर," ते म्हणाले, जसं काही मी कालच आलो होतो. "बठा."

डब्यात मला खिडकीची जागा करून दिली गेली. समोर एक धुळ्याचा कापडवाला बसला होता. गाडी सुटल्यावर त्याने शेजारच्याला विचारलं की वेळ होऊनही गाडी का थांबली होती.

"सरांसाठी," शेजारी बसलेले हिलाल आबा म्हणाले. ते जामनेरला दवाखान्यात निघाले होते. "यांनीच तं गाडी वाचवली आमची. मोठी गाडी येणार व्हती. दिल्लीवाल्यांनी खुट्या ठोकल्या. सरांनी एकट्यानं बठ्ठ्या उपटल्या. अंगातून रगत निघालं. मी व्हतो ना तथी. पयली खुटी माह्याच हातात देली."

भिकुबाईने मान डोलावली. दोनचार जणांनी, आम्हीही खिडकीतून बघितलं, असं सांगितलं. आणि हे मात्र खरं होतं.

कापडवाला माझ्याकडे वळला. "खरं का सर?"

मी इतिहासाचा शिक्षक आहे. पुरावा म्हणजे काय, हे मी पिढ्यांना शिकवलं आहे. मी घसा साफ केला आणि म्हणालो, "तसं नव्हतं ते. मुळात त्या खुंट्या—"

"देखा," झुलालभाऊ दारातून म्हणाले. "सर सोताबद्दल कधी सांगाव नहीत. तसाच माणूस शे हाऊ."

डब्याने माझ्याकडे आदराने बघितलं. बाहेर पुना नानांच्या केळी गेल्या. मला आबांच्या आईचं भाजलेलं बोट आठवलं, माझ्या न छापलेल्या लेखातला तेवढाच एक पुरावा मला प्रिय होता, आणि त्या बोटाबद्दल मला पहिल्यांदाच शंका आली. मी आबांकडे बघितलं. ते शांतपणे गूळ-शेंगदाणे खात होते. मी उरलेलं वाक्य तसंच सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी एसटी वेळेवर होती. मी घरी दुसरा चहा मागितला. कुंदाने घड्याळाकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि चहा टाकला. वळणावर आलो तेव्हा शिट्टी झाली. झुलालभाऊ रस्त्याकडे बघत होते. त्यांनी झेंडी काखेत मारली, आणि मी उरलेलं अंतर सावकाश चालत गेलो.